पाणी निर्दोष होतं

१

पेटीतले मासे तिसऱ्यांदा मेले, त्या सकाळी रूपराव झाड्यानं वहिनीच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं.

१९८३चा जानेवारी होता. वर्ध्याजवळच्या नालवाडीत तेव्हा घरं विरळ होती. झाड्यांचं घर अगदी शेवटी, मागं त्यांचंच तुरीचं वावर. बैठकीत भिंतीला लागून लोखंडी स्टँडवर काचेची मोठी पेटी होती. तीत केशरी गोल्डफिश आणि काळे मोली पोट वर करून तरंगत होते. हवेची मशीन मात्र चालूच होती. पेटीच्या तळातून बुडबुड्यांची माळ वर येई, एखाद्या मेलेल्या माशाला धक्का देई, आणि तो मासा हलला की जिवंत असल्यासारखा वाटे.

ही पेटी ओमप्रकाशची. नानाजी झाड्यांचा थोरला मुलगा, टेलिफोन खात्यात नोकरीला. मासे पाळायचा नाद त्यानं नागपूरहून आणला होता. मागच्या उन्हाळ्यात नागपूर रोडवर ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. मागं राहिली बायको कांता, पाच वर्षांची मंदा आणि ही पेटी. पेटीची सगळी उठाठेव कांताच करायची. पाणी बदलायचं तिनं, दाणे टाकायचे तिनं. म्हणून मासे मेले तेव्हा बोटही तिच्याकडंच गेलं.

त्यातून त्या सकाळी ती भिंत धरत धरत अंगणात आली होती आणि सगळ्यांसमोर ओकली होती. डोकं फुटतंय म्हणाली. या घरात काहीतरी आहे, ते मला जगू देणार नाही, असं शेजारच्या रुख्माबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. मग खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारू लागली. रूपरावनं खिडकीच्या दारांना आतून खिळे ठोकले आणि खोलीला कुलूप घातलं.

दुपारी तो डॉक्टर मधुकरराव भोयरांकडं गेला. भोयर झाड्यांच्या घरचे जुने डॉक्टर. रूपरावचं म्हणणं सरळ होतं. भाऊ गेल्यापासून वहिनीचं डोकं ठिकाणावर नाही. स्वतःच मासे मारते आणि स्वतःच रडते. डॉक्टरांनी तसा कागद द्यावा, म्हणजे तिला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येईल.

डॉक्टर घरी आले. रूपराव कुलूप काढायला तयार नव्हता, म्हणून ते बंद दारासमोर उभे राहून बोलले. आतून कांताचा आवाज शांत आला. वेड्या माणसाचा नसतो तसा.

"मासे म्या नाई मारले, डॉक्टरसाहेब. पण ज्या रात्री ते मरतात, त्या रात्री माहाबी जीव जाता जाता राह्यते."

२

डॉक्टरांनी कागद लिहून दिला नाही. त्यांनी एका रिकाम्या बाटलीत पेटीतलं पाणी भरून घेतलं, कागदात मेलेले दोन मासे गुंडाळले आणि ते घेऊन ते कोकिळा वासनिककडं गेले.

कोकिळा वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मूळची आर्वीकडच्या रोहण्याची. वडील शेतमजूर होते. बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी पोरीला शाळेत घातली, आणि ती शिकतच गेली. तिशी ओलांडलेली, एकटी, मोजकं बोलणारी बाई. गावातल्या दोन-तीन भानगडी तिनं नुसत्या प्रश्न विचारून उलगडल्या होत्या. एका विहिरीतले बेडूक का मेले हे शोधता शोधता तिनं एक चोरही शोधून दिला होता. तेव्हापासून डॉक्टर तिला मानायचे.

तिनं मासे चिरून पाहिले. अंगावर बुरशी नाही, जखम नाही, पोटात दाणे पचलेले. आजारानं मेलेला मासा आधी दोन दिवस खात नाही, एवढं ती सहज बोलली. मग बाटलीतलं पाणी काचेच्या भांड्यात ओतलं आणि त्यात कॉलेजच्या हौदातले गप्पी मासे सोडले. डॉक्टरांना उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गप्पी मासे त्या पाण्यात मजेत पोहत होते.

डॉक्टरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, पाण्यात विष सापडलं असतं तर कोणी टाकलं ते शोधता आलं असतं. पाणी चांगलं निघालं म्हणजे मासे थंडीनं मेले असतील, आणि कांताला जे वाटतं ते तिच्या मनाचे खेळ. मग मला कागदावर सही करावीच लागेल.

कोकिळा भांड्याकडं पाहत होती. तिच्या मते गोष्ट उलटी होती. पाणी तेच, पेटी तीच, आणि मासे एकजात एका रात्रीत मेले. थंडीनं मासे एक-एक करून जातात. पाणी निर्दोष असेल तर गुन्हेगार पेटीच्या बाहेर कुठंतरी आहे. शिवाय कांता जे म्हणाली, ते कुणीच नीट ऐकलेलं दिसत नाही.

"मासे आणि ती एकाच रात्री आजारी पडतात," कोकिळा म्हणाली. "घरातल्या लोकांना यात तिचं वेड दिसतं. मला त्यात साक्षीदार दिसतात, डॉक्टर. मला त्या घरी घेऊन चला."

३

त्यानंतरच्या दिवशी ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. दारात नानाजी उभे होते. सत्तरीला आलेले, डोक्याला पांढरा शेला, आवाज मऊ. त्यांनी हात जोडून दोघांना बसवलं.

पेटीत नवे मासे होते. कोकिळानं विचारलं तेव्हा कळलं, दर वेळी मासे मेले की नानाजीच नागपूरला जाऊन नवे आणतात. परवा मेले, काल हे आणले. त्यांना पेटी रिकामी पाहवत नाही.

"ओमनं लावली हाय ते," नानाजी म्हणाले. "पानी हालते तं वाटते, पोरगा इथंच कुठं हाय."

बोलताना त्यांचे डोळे खरोखरच भरले. नात कुठं आहे, असं कोकिळानं विचारलं. तिला सकाळीच रुख्माबाईकडं धाडली, असं ते म्हणाले. आईला असं कोंडलेलं लेकरानं पाहू नये. एवढं सांगून ते म्हशीला पाणी दाखवायला मागं वावरात गेले.

विमलाबाई, नानाजींची बायको, चहा घेऊन आली. आडनाव काय म्हणालात, असं तिनं आधी विचारून घेतलं होतं. डॉक्टरांचा चहा कपबशीत आला, कोकिळाचा ओट्यावरच्या कोनाड्यातून काढलेल्या काचेच्या ग्लासात. कोकिळानं तो घेतला आणि पेटीकडं पाहत प्यायली.

विमलाबाई मनातलं लपवणारी बाई नव्हती. मेलेल्या माणसाची वस्तू घरात ठेवू नये, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, असं ती म्हणाली. मी तर ही पेटी उकिरड्यावर फेकली असती; पण यांच्यापुढं माझं चालत नाही.

कोकिळाचा पहिला संशय हवेवर होता. थंडीत सगळी दारं-खिडक्या बंद, माशांची गर्दी, आणि नालवाडीत वीज तर रोज जायची. मशीन बंद पडली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटेपर्यंत मासे गुदमरतात. अशी पेटी तिनं कॉलेजातही मेलेली पाहिली होती. तिनं विमलाबाईला विचारलं, मासे मेले त्या रात्री लाईट गेली होती का?

विमलाबाईनं मान हलवली. मासे मेले त्या तिन्ही वेळी रात्रभर लाईट होती, मशीनही चालू होती. उलट संक्रांतीच्या आधी एकदा रात्रभर अंधार होता, मशीन बंद होती. त्या सकाळी कांता अशीच ओकत होती, डोकं धरून बसली होती. "पन मासे तं टनटन होते," विमलाबाई म्हणाली.

कोकिळानं ग्लास खाली ठेवला.

एकदाच असं झालं होतं की कांता आजारी पडली आणि मासे वाचले. आणि त्याच रात्री मशीन बंद होती. म्हणजे हवा मिळाली नाही तेव्हा मासे जगले. हवा मिळाली तेव्हा मेले.

ती उठून पेटीपाशी गेली. बुडबुड्यांची रबरी नळी काचेवरून वर गेली होती आणि भिंतीतल्या छिद्रातून पलीकडं गेली होती. मशीन बैठकीत नव्हतीच.

"ही नळी कुठं जाते?" तिनं विचारलं.

"कोठीच्या खोलीत," विमलाबाई म्हणाली. "घरघर व्हते म्हनून रूपरावनं तिकडं टांगली. त्याले रेडूवरचे गाने ऐकू येत नव्हते."

"आणि कोठीच्या खोलीला लागून काय आहे?"

"कांताची खोली."

४

रूपराव तेवढ्यात आतून आला. धिप्पाड गडी, घाईत होता. सिंदीला कापसाच्या गाड्या गेल्या होत्या आणि त्याला त्यांच्या मागं निघायचं होतं. बायको बाळंतपणाला माहेरी, घरातलं सगळं त्याच्याच डोक्यावर. त्याच्या बाह्यांना फवारणीच्या औषधाचा वास येत होता. डॉक्टरांनी कोकिळाकडं अर्थपूर्ण पाहिलं.

कोकिळानं त्याला कोठीच्या खोलीत काय आहे ते विचारलं. गहू आणि मागच्या सालची तूर, असं तो म्हणाला. किडीच्या गोळ्या दिवाळीनंतर एकदाच टाकल्या, कोठी शेणामातीनं लिंपून घेतली, त्यानंतर उघडलेली नाही. उरलेल्या गोळ्यांचा डबा देवळीत आहे, तो कुणीही घेऊ शकतं. यात लपवण्यासारखं काय, असा त्याचा चेहरा होता. वहिनीचं दार उघडायला मात्र त्यानं साफ नकार दिला. डॉक्टरांचा कागद मिळेल तेव्हाच उघडीन, नाहीतर ती पुन्हा रस्त्यावर ओरडेल आणि घराची अब्रू जाईल. दुपारी जेवण द्यायला उघडलं होतं, तेवढं पुरे. किल्ली त्यानं बनियनच्या खिशात घातली आणि सायकल काढून निघून गेला.

कोकिळा कांताच्या दाराशी जाऊन खाली बसली. दाराच्या फटीला तोंड लावून तिनं आपलं नाव सांगितलं.

कांता खूप दिवसांनी कुणी विचारतंय म्हणून बोलत सुटली. ओमप्रकाशच्या जागी तिला टेलिफोन खात्यात नोकरी मिळत होती. सुरुवातीचं शिक्षण नागपूरला. तिथं खोली घ्यायची, मंदाला तिथल्या शाळेत घालायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. सासू आणि दीर ऐकून घेणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं हे त्यांच्या कानावर घातलंच नाही. नागपूरला एकदा मुलाखतीला बोलावलं, एकदा डॉक्टरी तपासणीला, मग पुन्हा तपासणीला, आणि मग रुजू व्हायला. दर वेळी आदल्या रात्री ती आजारी पडली. डोकं फुटायचं, छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, सकाळी उभं राहता यायचं नाही. एकदाही जाता आलं नाही. आता खात्यानं उद्याची शेवटची तारीख दिली होती.

"अन् मी इथं कुलपात," ती म्हणाली.

कोकिळानं विचारलं, तारखा घरात कुणाला माहीत होत्या?

"फक्त मामाजीले." सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची, सासूला आत्याबाई. " त्याईले म्या सांगतलं होतं. तेच मले संगं घेऊन जानार होते."

मंदा कधी अशी आजारी पडली का, असं कोकिळानं विचारलं. कांता म्हणाली, नाही, ती कधीच नाही. कारण त्या रात्री मंदा तिच्याजवळ नसायचीच. सकाळी लवकर निघायचं तर पोरीची झोप मोडू नये, म्हणून सासरे तिला आपल्याजवळ निजवायचे.

"खोलीत कशाचा वास येतो?"

"सडलेल्या लसनाचा. म्या आत्याबाईले सांगतलं तं ते म्हनाल्या, तुह्या डोक्यात वास हाय. अन् माहा तांब्याचा गडू रोज घासतो मी, तरी काळा पडते. फक्त याच खोलीत."

कोकिळानं वर पाहिलं. कवेलूच्या छपराचं जुनं घर. मधल्या भिंती आढ्यापर्यंत गेल्याच नव्हत्या. कांताची खोली आणि कोठीची खोली यांच्यामध्ये वर हातभर मोकळी जागा होती. एका खोलीतली हवा दुसरीत जायला दार लागत नव्हतं.

"कांताबाई, तो वास आत्ता येतोय का?"

उत्तर यायला वेळ लागला. आवाज जड झाला होता. "सकाळपासूनच येऊन राह्यला. मले... थोडं निजू द्या."

मग आतून एक खोकला ऐकू आला. कांताचा नव्हता. बारीक होता, लहान मुलाचा.

कोकिळा उठून बैठकीत धावली. पेटीत बुडबुडे जोरानं उसळत होते. आणि सगळेच्या सगळे मासे वरच्या काठाशी तोंडं उघडून हवा मागत होते.

५

तिनं आधी बैठकीतल्या प्लगमधून मशीनची तार ओढून काढली. मग वावराकडच्या दारात जाऊन नानाजींना हाक मारली.

"कांताबाईची खोली ताबडतोब उघडायची आहे," ती एवढंच म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही.

नानाजी म्हशीजवळून सावकाश आले. हात पुसत म्हणाले, किल्ली तर रूपरावजवळ आहे, तो संध्याकाळपर्यंत येईल. दार तोडून तमाशा कशाला करायचा. एवढा वेळ थांबली, आणखी थोडी थांबेल. त्यांचा आवाज तसाच मऊ होता. डॉक्टर दाराला खांदा लावू पाहत होते, पण सागवानी दार हलत नव्हतं.

विमलाबाई चुलीपासून उठून आली. डॉक्टर दाराशी काय करताहेत ते तिला समजेना. "पोरगीबी आतच हाय," ती म्हणाली. "रूपरावनं जेवन द्याले दार उघडलं, तवा आली पयत अन् मायच्या कुशीत घुसली. निघतच नव्हती. म्हनून त्यानं दोघीलेबी ठेवलं आत."

नानाजींच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"मंदा रुख्माबाईकडं हाय," ते म्हणाले.

"कुठची? तवाच पयून आली."

त्यानंतर त्या म्हाताऱ्यानं जे केलं ते डॉक्टर भोयर पुढं अनेक वर्षं सांगत. नानाजींनी गोठ्यातली लोखंडी सब्बल उचलली आणि कोयंड्यात घालून अशी दाबली की कुलपासकट लाकडाचा कपचा उडाला. दार उघडताच तो कुबट, लसणासारखा वास तोंडावर आला. कांता खाटेखाली अर्धी पडली होती आणि तिच्या अंगाखाली मंदा होती. नानाजींनी सुनेकडं पाहिलं नाही. तिला ओलांडून त्यांनी नात उचलली.

"हवेत न्या तिले," ते ओरडले. "वावरात न्या, मोकळ्या हवेत. घरातली हवा नोको."

कांताला डॉक्टर आणि कोकिळानं उचलून बाहेर आणलं. मंदा ओकली आणि मग रडू लागली. ते रडणं ऐकून डॉक्टरांना हायसं वाटलं. कांता मात्र डोळे उघडत नव्हती, आणि तिची नाडी हाताला लागत नव्हती इतकी बारीक चालली होती. रस्त्यावरून एक जीप जात होती, तिच्यात घालून दोघींना दवाखान्यात हलवलं.

कोकिळा मागं राहिली. तोंडाला ओला पदर लावून ती कोठीच्या खोलीत शिरली, मागचं दार सताड उघडलं आणि स्टूल घेऊन वर पाहिलं. कोठी लिंपलेली होती, रूपराव खरं बोलला होता. पण भिंतीच्या माथ्यावर, कांताच्या खोलीच्या अंगाला, फडक्याची एक पुरचुंडी होती. तीत राखेसारखी भुकटी आणि न विरघळलेले गोळ्यांचे तुकडे होते. हवेची मशीन तिथून हातभर अंतरावर खिळ्याला टांगलेली होती.

६

संध्याकाळी सिंदीहून परतलेल्या रूपरावला डॉक्टरांनी बोलावलेल्या पोलीस जमादारानं नाक्यावरच धरलं आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात आणलं. गोळ्या त्याच्या, कुलूप त्याचं, किल्ली त्याच्या खिशात. वहिनीला वेडी ठरवायला निघालेलाही तोच. डॉक्टरांनाही दुसरं काही वाटत नव्हतं. रूपराव भिंतीला टेकून उभा होता आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होता की मला खरोखर ती वेडी झाली असं वाटलं.

कोकिळा म्हणाली, याला सोडा. हा दांडगा आहे, पण हे यानं केलेलं नाही.

मग तिनं सावकाश सगळं सांगितलं. धान्याच्या गोळ्या हवेतल्या ओलीनं विरतात आणि त्यांच्यातून विषारी वायू निघतो. बंद कोठीत तो किडे मारतो. उघड्या ठेवल्या तर खोलीत पसरतो, तांबं काळं पाडतो, माणसाचं डोकं उठवतो आणि जास्त झाला तर जीव घेतो. भिंतीवरची पुरचुंडी कांतासाठी होती. पण मशीन त्याच खोलीतली हवा ओढून पेटीत सोडत होती, म्हणून मासेही मेले. वीज गेली त्या रात्री मशीन ओढत नव्हती, म्हणून कांता आजारी पडली आणि मासे वाचले. वायू पाण्यात टिकत नाही, बाटली आपल्याकडं येईपर्यंत उडून गेला होता. म्हणून पाणी निर्दोष निघालं.

आता हे कुणी केलं? कांता दर वेळी नागपूरला जायच्या आदल्या रात्रीच आजारी पडली. ज्यानं पुरचुंडी ठेवली त्याला तारखा माहीत असल्या पाहिजेत. रूपरावला आणि विमलाबाईला नोकरीचाच पत्ता नव्हता. मंदाला त्या रात्री त्या खोलीत कोण झोपू देत नव्हतं, हेही पाहायला हवं. आणि आज दुपारी मी दार उघडा म्हणाले, का ते सांगितलं नाही. कांता एकटी आत आहे असं वाटत होतं तोवर एका माणसाला घाई नव्हती. नात आत आहे म्हटल्यावर त्याच माणसानं सब्बल आणली, आणि हवेत न्या म्हणाला. हवेचं नाव तोपर्यंत आमच्यापैकी कुणीच काढलं नव्हतं.

व्हरांड्याच्या टोकाला बाकावर नानाजी बसले होते. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. विमलाबाई त्यांच्या शेजारून हळूच उठली आणि दूर जाऊन उभी राहिली.

नानाजींनी नाकारलं नाही. कोठीच्या खोलीत गोळ्या टाकल्या की शेजारी झोपणाऱ्याचं दोन दिवस डोकं दुखतं, हे त्यांनी अनेक वर्षं पाहिलं होतं. त्याहून जास्त काही होत नाही असं ते धरून चालले. सून आजारी पडली की तारीख जाई. एवढंच त्यांना हवं होतं. पहिल्यांदा थोड्या टाकल्या. मग दर वेळी भीती वाढत गेली, तशा गोळ्याही वाढत गेल्या. डॉक्टर कागद देईनात, तेव्हा कुलूप उघडेल आणि ती उद्या जाईल, या भीतीनं आज सगळ्यात जास्त टाकल्या. खिडकीला खिळे ठोकल्यावर हवा आत कोंडते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. किंवा आलं असेल, असं ते स्वतःच म्हणाले.

"मले तिले माराचं नव्हतं, बाई," ते कोकिळाला म्हणाले. "थांबवाचं होतं. ओम गेला. ते पोट्टी तेवढी राह्यली त्याची. तेबी नागपूरले गेली असती तं मी कोनाच्या तोंडाकडं पाह्यलं असतं?"

  मग त्यांनी विचारलं, म्हणजे ओमचे मासे मीच मारले का? तिन्ही वेळा?

कोकिळानं हो म्हटलं.

सुनेबद्दल बोलताना जो माणूस रडला नव्हता तो तेव्हा रडला. व्हरांड्यातल्या लोकांना ते पाहणं जड गेलं. रूपराव तोंड फिरवून उभा राहिला.

कांता वाचली. दोन दिवस तिचं काही खरं नव्हतं, तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. डॉक्टर भोयरांनी स्वतः नागपूरला फोन करून साहेबाला सगळं सांगितलं आणि तिची जागा राखून ठेवायला लावली. विमलाबाई येऊन तिच्या पायथ्याशी बसली. चुकून झालं असं पोलिसांना सांग, म्हातारं माणूस तुरुंगात मरेल, असं विनवू लागली. कांतानं ऐकून घेतलं. जमादार आला तेव्हा तिनं जे घडलं तेच सांगितलं, कमी नाही आणि जास्तही नाही.

ती दवाखान्यातून निघाली त्या दिवशी कोकिळा तिला स्टेशनवर पोचवायला आली होती. दवाखान्याच्या फाटकाजवळ नानाजी उभे होते, सोबत शिपाई. त्यांना नातीला एकदा पाहायचं होतं आणि शिपायानं तेवढी दया केली होती. कांता त्यांच्यासमोर थांबली. आजवर सासऱ्यापुढं तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. तेव्हाही ढळला नाही.

"मामाजी, तुम्ही मले एकडाव म्हटलं असतं का पोरीले नेऊ नोको, तं मी राह्यली असती," ती म्हणाली. "नोकरीचं नावबी नसतं काढलं. तुमच्यासाठी राह्यली असती."

नानाजींनी हात जोडले.

"आता नाई," कांता म्हणाली, आणि मंदाचा हात धरून चालू लागली.

मंदा मान वळवून आबाजीला हात करत राहिली. कांतानं तिला अडवलं नाही, आणि चालणंही थांबवलं नाही.